वधूच्या हातचं रुखवत

आमच्या घराण्यात मुलगी घरात राबली की त्याला वळण म्हणतात आणि तेच काम तिने बाहेर जाऊन पगार घेऊन केलं की अब्रू जाते. हा शोध मला नववीच्या परीक्षेनंतर लागला. तोपर्यंत दर उन्हाळ्यात मी वळणच लावून घेत होते. शेवटचा पेपर झाला की मूर्तिजापूरहून आत्याचा फोन यायचा, "पाठवून दे पोट्टीले, तेवढाच हवापालट होईन तिले." अकोल्याहून मूर्तिजापूरला हवापालट! एप्रिल महिन्यात! तिथे गेलं की कुरडयांचा चीक ढवळा, पापड लाटा, गच्चीवर नेऊन वाळत घाला आणि उरलेल्या वेळात आत्याच्या मुलीचे ड्रेस इस्त्री करा. आत्याची मुलगी माझ्याहून बरीच मोठी. तिला गच्चीवर पाठवत नसत, रंग काळवंडला असता. माझा रंग बहुतेक पक्का होता.

त्या वर्षी तर तिचं लग्न ठरलं होतं. मोर्शीचे लोक, संत्र्याची बाग, मेची तारीख. माझ्या उन्हाळ्याचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी आईला म्हटलं, मी जाणार नाही. आई म्हणाली, "मंग आत्याले काय सांगू?" आपल्या नणंदेला तिने कधी कशाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांनी नेहमीप्रमाणे पेपरात तोंड खुपसलं. मग मीच ठरवलं की नोकरी धरायची. रोज वेळेवर कुठेतरी हजर व्हायचं असलं की मला कोण उचलून नेणार?

अकोल्यात चौदा वर्षांच्या मुलीला नोकरी मिळत नाही, सल्ले मिळतात. साडीच्या दुकानातले शेठ म्हणाले, अठरा पूर्ण झाले की ये, आणि येताना जरा पावडर लावून ये. कोचिंग क्लासच्या सरांना पत्रकं वाटायला मुली हव्या होत्या, पण पगाराऐवजी ते दहावीच्या फीमध्ये सवलत देणार होते, आणि तो क्लास मला लावायचाच नव्हता. ब्यूटी पार्लरवाल्या मॅडमनी मात्र लगेच ठेवून घेतलं. म्हणाल्या, "सगळं शिकवीन तुला." मी कापलेले केस झाडले, टॉवेल धुतले, त्यांच्या पोराला कोपऱ्यावरून कुरकुरे आणून दिले. शिकवणार कधी, असं विचारलं तर म्हणाल्या, "आधी निरीक्षण कर." निरीक्षण केलं. शिकवतो म्हणणारा माणूस फुकटात राबवणारा असतो, एवढं त्यातून कळलं आणि दुसऱ्या दिवशी मी गेले नाही.

शेवटी बाजारात एका जिन्यापाशी पाटी दिसली, 'रुखवत, ओटी, शगुन की थाली बनाके मिलेगी'. वर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर जरीची गोटापट्टी आणि लेस. सगळे त्यांना आपा म्हणत. निकाहचे सेहरे करायच्या तशाच आमच्या लग्नांची रुखवतंही करायच्या. मला म्हणाल्या, "हाथ दिखाव." मी दोन्ही हात पुढे केले. "नाखून काट के आ. उद्या दहाले. पगार हफ्त्याले, लेट आली का कटिंग." शिकवीन म्हणाल्या नाहीत, मुलीसारखी आहेस म्हणाल्या नाहीत. मला त्या तिथेच आवडल्या.

घरी मी एवढंच सांगितलं की एका बाईंकडे सजावटीचं काम मिळालं. आईने आत्याला फोनवर सांगितलं की पोरीचे दहावीचे व्हेकेशन क्लास आहेत. नोकरी म्हणायची लाज, क्लास म्हणायला अभिमान. मला आईचा संताप आला, पण मूर्तिजापूर टळलं होतं, म्हणून गप्प बसले.

माझं काम सुपाऱ्यांचं. सुपारीचा नवरा, सुपारीची नवरी, सुपारीचेच वऱ्हाडी आणि बँडवाले. त्यांना फेटे बांधायचे, डोळे चिकटवायचे. शिवाय सप्तपदी, लोकरीची तुळस. सगळं झालं की समोर एक कार्ड ठेवायचं, 'वधूने स्वतःच्या हाताने बनविलेले'. माझं अक्षर बरं म्हणून कार्डंही मीच लिहायची. अकोल्यातल्या कितीतरी वधूंचे हात त्या मोसमात माझ्याच मनगटाला जोडलेले होते. घ्यायला यायच्या तेव्हा त्या मोबाइलवर फोटो काढत, सोबतच्या आपल्या आईला विचारत, "हे वालं कशाचं बनलं आहे?" म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं.

आपांचा एक नियम होता. प्रत्येक वस्तूत काहीतरी एक मुद्दाम वाकडं ठेवायचं. फेटा तिरपा, नाहीतर टिकली सरकलेली. मी सुरुवातीला सगळं सरळ चिकटवलं तर ओरडल्या, "एकदम सीधा बसलं का सासू म्हनते बाजारचं हाय. थोडं बिघडव. तव्हाच घरचं वाटते." खोटेपणालाही शिस्त लागते हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एका दुपारी तोंडाला स्कार्फ गुंडाळून जिना चढून कोण आलं, तर आत्या! मागे तिची नवरी मुलगी. विहीणबाईंनी बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं की रुखवत मुलीच्या हातचंच पाहिजे, आणि मुलीच्या हाताला मोबाइलशिवाय कशाचीच सवय नव्हती. मी खिडकीशी बसून बँडवाल्याला मिशा लावत होते.

"काहून वं! इथं काय करून राहिली तू?"

"काम."

"आपल्या घरची पोट्टी कामाले? कोनी पाह्यलं म्हंजे?"

"तुमीच पाह्यलं ना, आत्या."

तेवढ्यात तिच्या मुलीने बोट दाखवलं, "मम्मी, हे वालं." आत्याची अब्रू तिथेच खाली बसली आणि भाव करू लागली. म्हणाली, पोट्टी आमचीच हाय, मंग मजुरी कायची? आपांनी चष्म्यावरून पाहिलं. "मजुरी उसकी है, आपकी नहीं." आत्याने तोंड वाकडं करून सगळं घेतलं आणि जाताना माझा दंड धरून म्हणाली, "कोनाले सांगू नको." मी काम करते हे सांगू नको की तिने रुखवत विकत घेतलं हे, ते तिने सांगितलं नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही लाजा सारख्याच असाव्यात.

लग्नाला आम्ही मूर्तिजापूरला गेलो. मंगल कार्यालयात मी आधी रुखवताच्या टेबलापाशी गेले. पाहते तर माझे सगळे वऱ्हाडी ताठ उभे! एकाचा फेटा तिरपा नाही, एकीची टिकली ढळलेली नाही. आत्या छाती काढून म्हणाली, "त्या बाईनं सारं वाकडंतिकडं देलं होतं. मीनं फेविक्विक लावून सरळ केलं." मला हसू आवरेना. असल्या बायकांना फसवायचंसुद्धा दुसऱ्याने शिकवावं लागतं, आणि शिकवलेलं त्या घरी नेऊन दुरुस्त करतात.

मोर्शीच्या विहीणबाई आल्या. सुपारीचा नवरा उचलला, फिरवला, बुडाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "रेडिमेड हाय हे."

आत्याचा चेहरा पडला. नवरी बांगड्या मोजल्यासारखं करू लागली. मला आनंद झाला, कशाला खोटं सांगू. पण तो आनंद फार टिकला नाही. विहीणबाई इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "पन झकास हाय. माह्या पोरीचं लग्न महिन्याअखेर हाय. तिच्याही हातचं पाहिजे ना. कुठून घेतलं?"

"घेतलं कुठून बाप्पा! घरचंच हाय," आत्या सावरली. मला खांद्याला धरून पुढे ओढलं. "माह्या भावाची पोरगी. हिनंच केलं. नवरीसंगं पाठराखीण म्हनून पाठवतो न हिले. राहीन तुमच्याकडं महिनाभर, करून देईन सारं. सुट्ट्याच हायत."

विहीणबाईंचे डोळे चमकले. "मंग त पापडाचंही काम पडलं हाय आमच्याकडं."

आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. पाठराखीण म्हणजे मान, मानाला नाही म्हणायचं नसतं. माझा उन्हाळा त्यांनी माझ्या देखत आपसांत वाटून घेतला. मी मोर्शीला गेले असते तर आपांनी सोमवारी दुसरी मुलगी बसवली असती, मोसम कुणासाठी थांबतो? आणि मांडवात वरमाईला नाही म्हटलं असतं तर ते माझ्या आईच्या संस्कारांवर गेलं असतं. आपांच्या खोलीत आत्याला चुरूचुरू उत्तरं देणारी मी तिथे एका बँडवाल्याचा चिकटलेला फेटा चाचपत राहिले. रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता.

आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन मागे उभी होती.

"तिले नाही जमनार, ताई," ती म्हणाली.

आत्याला आधी ऐकूच आलं नसावं. मग म्हणाली, "काहून? सुट्ट्या हायत ना?"

"सुट्ट्या शाळेले हायत. तिले नाही भेटत सुट्टी. नोकरी हाय तिची."

नोकरी हा शब्द तिने सगळ्या बायकांसमोर, मोठ्याने उच्चारला. आईने तबक खाली ठेवलं आणि विहीणबाईंकडे वळली. "तुमाले पाहिजे असन त दुकानात जा. अकोल्यात टिळक रोडच्या मांगं चुडीवाल्याच्या बाजूनं जिना हाय. अंधारा हाय, कठड्याले धरून चढा. वरतं गेलं का डाव्या हाताले. दहाच्या आंधी नका जाऊ. पोरगी खिडकीपाशी बसते."

विहीणबाई मोबाइलमध्ये पत्ता लिहून घेऊ लागल्या. आत्या कुणाच्या तरी नावाने हाका मारत निघून गेली. मी आईकडे पाहत राहिले. तिने मला दुकान कुठे आहे हे कधी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. आणि मी खिडकीपाशी बसते, हे तर मी घरात कुणालाच बोलले नव्हते.