बटणं दाबणारी माणसं

ऑफिस चालू असताना त्यातले किस्से सांगायला कोणाला वेळ नसतो. ते बंद पडलं, की साचायला लागतात. सलीम आणि मी अजून भेटतो, आणि चहा गार होईपर्यंत लॅबच्याच गोष्टी चालतात.

लॅब कर्वेनगरला, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. साने सर मालक, आम्ही दोघं टेस्टर. कंपन्या नवे कीबोर्ड पाठवायच्या. एकदम किती बटणं दाबली तर तो ती नीट ओळखतो, हे आम्ही बघायचो. काही कीबोर्डवर ठरावीक तीन बटणं एकदम दाबली, की न दाबलेलं चौथं अक्षरही उमटतं. त्याला ‘घोस्टिंग’ म्हणतात. ते टाळायला काही कीबोर्ड एखादं बटण चक्क गिळून टाकतात.

*

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा सदाशिव पेठेतलं एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “आपण नक्की काय करता?”

मी म्हटलं, “एकदम पाच-सहा बटणं दाबतो, आणि कॉम्प्युटरला भुतं दिसतात का ते बघतो.”

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “पर्मनंट आहे का हे?”

नकार आला. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “प्रश्न योग्य होता. मलाही उत्तर माहीत नाही.”

*

सलीम स्कूटरवरून पडला. डावा हात प्लास्टरमध्ये, तरी येरवड्याहून बसने कामावर हजर. मी म्हटलं, “सर, याला सुट्टी द्या.”

“उजव्या हाताला पाच बोटं आहेत ना? पाच बटणं तो दाबेल. सहावं तुम्ही दाबा.”

दुपारी मात्र त्याचा डबा सर स्वतः उघडून द्यायचे. वर म्हणायचे, “झाकण टेस्ट करतोय.”

*

एकदा वैदेही नावाची मुलगी कीबोर्ड घेऊन आली. दिसत नव्हतं तिला. कॉलेजच्या परीक्षेत ती ब्रेल पद्धतीने टाइप करायची, म्हणजे सहा बटणांपैकी काही एकदम दाबली की एक अक्षर. पेपरात भलतीच अक्षरं आली होती आणि ती नापास झाली होती.

सलीमने तासभर तपासलं. तिची तीन बटणं एकत्र आली, की त्यातलं एक कीबोर्ड गिळत होता. तो म्हणाला, “तुमचं काही चुकत नाहीये.”

तिने कीबोर्डवरून एकदा बोटं फिरवली. मग म्हणाली, “मी दोन वर्षं माझ्या बोटांना दोष देत होते.”

तो कीबोर्ड आमच्याच सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा निघाला. सरांनी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं. कंपनीचा फोन आला, “ती तीन बटणं एकदम कोण दाबतं? ती ओळ काढा.”

सर म्हणाले, “दाबणारी आत्ताच येऊन गेली.”

ओळ राहिली, काम गेलं. त्या गिऱ्हाइकावरच लॅब चालायची, ती काही महिन्यांत बंद पडली. सलीम एक चांगला कीबोर्ड घेऊन वैदेहीच्या होस्टेलवर गेला, तेव्हा कळलं, की ती शिक्षण सोडून गावी गेली होती.

*

पुढे सरांना पक्षाघात झाला. वाचा गेली. आम्ही घरी भेटायला गेलो, तेव्हा साने काकूंनी पलंगावर लॅपटॉप मांडून ठेवला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, टाइप करून बोलता येतंय का बघा. काकूंचा चष्मा फुटला होता, त्यामुळे पडद्यावरचं त्यांना वाचता येत नव्हतं.

सरांनी हात उचलला. बोटं सुटी होईनात, अख्खा पंजाच बटणांवर पडला.

“काय लिहिलंय?” सरांना चहा पाजता पाजता काकूंनी विचारलं.

पडद्यावर नुसती अक्षरांची रांग होती. सलीमने ती पाहिली, सरांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “लिहिलंय, चहा छान झालाय.”

काकू हातातला कप धरून तशाच उभ्या राहिल्या.

“हे त्यांनी लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “जन्मात कधी छान म्हणाले नाहीत.”

सलीमने मान खाली घातली. सरांचा पंजा पुन्हा बटणांवर पडला.

काकूंनी कप खाली ठेवला आणि खुर्ची ओढून सलीमच्या शेजारी बसल्या.

“पुढे काय म्हणतायत, वाचा.”