राजाच्या तीस वर्षांचं गोड

आमच्या गल्लीनं राजाची तीस वर्षं साजरी करायचं ठरवलं, तेव्हा माझी बायको हयात होती. तीस वर्षं म्हणजे गादीवर बसल्याची. योकोहामाच्या टेकडीवरची ही गल्ली एवढी अरुंद, की समोरचे शिंकले तर दार वाजवून माफी मागायला येतील अशी भीती वाटते. राजवाडा दूर टोकियोला. पण गल्लीच्या समितीनं ठरवलं, घरटी तांबड्या-पांढऱ्या मान्जूची जोडी वाटायची आणि संध्याकाळी मुलांनी कागदी कंदील घेऊन देवळापर्यंत जायचं.

मान्जू म्हणजे इथली वाफवलेली गोड पारी, आत लाल शेंगदाण्यांचं नव्हे, लाल कडधान्याचं गोड सारण. (हा शेंगदाण्यांचा घोळ मी पहिली दोन वर्षं घालत होतो.) बायको स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानात अर्धवेळ काम करायची. पहिल्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, "अहो, हे आपलं पुरणच आहे. फक्त वेलची घालायला विसरलेत."

समितीची ऑर्डर तिच्याच दुकानाकडे गेली होती. खोक्यांना तांबडा-पांढरा कागद गुंडाळायचा सराव तिनं उन्हाळ्यातच सुरू केला होता. माझ्या ऑफिसचे जुने कागद त्यात कामी आले. माझे प्रोजेक्ट रिपोर्ट कुणाच्या तरी उपयोगी पडल्याची ती एकमेव वेळ.

त्या राजाशी माझी ओळख फॉर्मपुरतीच. इथे सरकारी कागदावर साल लिहायचं ते राजाच्या कारकिर्दीचं. बायको बोटं मोजून मला सांगायची: राजाच्या अमुक वर्षी आपण आलो, तमुक वर्षी पोरगी झाली. मी संगणकवाला माणूस, पण हा हिशेब मला कधी जमला नाही. आमचा सगळा संसार त्याच्या कारकिर्दीत झाला. आता तो येत्या वसंतात स्वतःहून पायउतार होणार होता. आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या चेअरमनला मी ही बातमी मुद्दाम पाठवली होती.

ऑक्टोबरात बायको गेली. आजार छोटा, हॉस्पिटल मोठं. इथेच अग्नी दिला आणि अस्थी घेऊन मी आणि अकरा वर्षांची पोरगी पुण्याला गेलो. दहावं, बारावं सगळं झालं. तेराव्याला गोडाचं जेवण असतं, भाऊबंद आग्रहानं गोडाचा घास देतात आणि सुतक फिटतं. तेराव्याला सकाळीच माझं विमान होतं.

"गोडाचं तरी खाऊन जा रे," ताई म्हणाली.

"ताई, तिकीट आहे."

"तिकीट काय देवानं काढलं होतं?"

मी काढलं होतं. नीट बघून काढलं होतं. तो घास खाल्ला की संपलं, एवढंच मला कळत होतं, आणि मला ते संपवायचं नव्हतं.

तेव्हापासून मी गोड खाल्लं नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. पोरगी शाळेत काय खायची ते मी विचारलं नाही, पण घरात तिनंही कधी गोड मागितलं नाही. ऑफिसच्या तपासणीत माझी साखर आयुष्यात पहिल्यांदा नॉर्मल आली. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "अभिनंदन! काय केलंत?" मी वाकून आभार मानले. दुसरं काय करणार?

समारंभाच्या दिवशी, फेब्रुवारीतल्या रविवारी, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी घासत होतो. शेजारच्या आजी घरोघर खोकी देत चालल्या होत्या. याच आजींनी आम्हाला कचरा वेगळा करायला शिकवलं. माझी चुकीची पिशवी दोनदा परत आणून दिली, तीही हसत. बायकोकडून त्या कांदेपोहे शिकल्या होत्या आणि त्यात सोया सॉस घालायच्या.

आमच्या दारापाशी त्या थांबल्या. हातातलं खोकं खाली केलं. बंद दाराला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि पुढच्या घरी गेल्या.

पोरगी माझ्या मागे उभी होती. "आपण मोचू आहोत ना," ती जपानीत म्हणाली. मोचू म्हणजे सुतकातलं घर. अशा घरानं आनंदाच्या गोष्टीपासून दूर राहायचं, आणि इतरांनीही त्याला त्यात ओढायचं नाही. माया असते त्यात. पण जानेवारीत सगळ्या पोरांबरोबर तिनंही कंदील केला होता, आणि आपल्याला जाता येणार नाही हे कळल्यावर घडी करून कपाटावर ठेवला होता.

"किती दिवस असतं?" तिनं विचारलं.

"वर्षभर."

"आणि पुण्यात?"

"तेरा दिवस."

"मग आपण कुठले?"

मी कढई घासायला घेतली. ती स्वच्छ होती.

"बाबा, पुण्याचं संपलं ना मग?"

"नाही. गोड खायचं राहिलं."

"खा मग! साखर आहे की डब्यात."

"आपल्या हातानं नाही खायचं, बाळा. दुसऱ्यानं द्यावं लागतं."

हे मी तिला टाळण्यासाठी सांगितलं होतं. पण ती घरातल्या सपाता घालूनच बाहेर धावली. या देशात याहून मोठा गुन्हा मला तरी माहीत नाही. गल्लीच्या मध्यावर तिनं आजींना गाठलं. काय बोलली ते ऐकू आलं नाही. दिसलं एवढंच, की आजी खाली तिच्या सपातांकडे बघत राहिल्या.

थोड्या वेळानं त्या आल्या. हातात साध्या पांढऱ्या कागदाची पुडी. "मंगल कार्याचं तुमच्या घरात आणणं बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तांबडे काढून ठेवले. एक पांढरा माझ्यातला, एक समोरच्यांचा." म्हणजे आता दोन घरांत नुसते तांबडे उरले होते, आणि ते या गल्लीत किती विपरीत दिसेल ते मला ठाऊक होतं.

आधी त्या बायकोच्या फोटोपुढे बसल्या. हात जोडले. म्हणाल्या, "तुझ्या दुकानाचेच आहेत हं. कागद मात्र तुझ्यासारखा कुणाला गुंडाळता येत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे कसं देतात?"

"राहू द्या," मी म्हणालो. "ठेवून जा. जेवणानंतर खातो."

पोरगी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. स्टेशनवर गाडीचा बोर्ड बघतात तशी बघत होती.

"घास भरवतात," मी म्हणालो.

आजींनी मान्जूचा तुकडा मोडला आणि मला भरवला. बहात्तर वर्षांच्या बाईनं पन्नाशीच्या माणसाला. थोडं सारण माझ्या मिशीला लागलं. मऊ, गोड. वेलची नव्हती. मला गिळताच येईना. आजी वाट बघत होत्या, पोरगी वाट बघत होती, आणि फोटोतली कधी नव्हे ती काहीच बोलत नव्हती.

मग गिळलं.

पोरीनं आपला मान्जू तीन घासांत संपवला, तोंड पुसलं आणि खुर्चीवर चढून कंदील काढला. आजी तिच्या सपाता पुसून देत म्हणाल्या, "मी हिला मागच्या रांगेत, माझ्याजवळ ठेवते. कुणी काही बोलणार नाही."

संध्याकाळी मी दारात उभा राहिलो. कंदील गल्लीतून वर देवळाकडे गेले. आमचा जरा चेपलेला होता, घडीमुळे. तो लगेच ओळखू आला, मग वळणावर बाकीच्यांत मिसळला. वरून लोकांनी राजाच्या नावानं तीनदा जयघोष केला.

मी ताईला फोन लावला. "गोड खाल्लं."

"कुणी दिलं रे?"

"शेजारच्या आजींनी."

"काय होतं?"

"पुरणासारखं. इथल्या राजाला तीस वर्षं झाली, त्याचं."

"बरं झालं," ताई म्हणाली. "सुटली रे ती."

नेमकं हेच ऐकायचं नव्हतं म्हणून तर मी तेराव्याचं तिकीट काढलं होतं. मी फोन ठेवला. तोंडात अजून गोडी होती. चूळ भरायला नळापाशी गेलो, नळ सोडला, आणि तसाच बंद केला.