दादाला हरवायला बांधलेला डेक

मंडळी, घरी येऊन तासभर झाला, अजून कपडे बदलले न्हाईत. तुम्ही सगळे हा खेळ खेळता, म्हणून तुम्हालाच सांगून राह्यलो.

आज मस्तगडला पत्त्यांची स्पर्धा होती. हा खेळ मला आमच्या शेजारच्या गणेशदादानं शिकवला. अंकुशनगरहून आम्ही एकाच गाडीवर गेल्तो.

माझा पत्त्यांचा गट मेंढपाळांचा, खेळातल्या सगळ्या गटांत कमजोर. दादाचा किल्लेदारांचा. भारी पत्ते शेवटपर्यंत हातात धरून ठेवायची त्याची सवय, त्यानंच मला सांगितलेली. म्हणून मी माझ्या डेकमधून, म्हणजे स्पर्धेसाठी निवडून लावलेल्या गड्डीतून, बचावाचे सहा पत्ते काढले अन् समोरच्याच्या हातातले पत्ते टाकायला लावणारे सहा घातले.

दुसऱ्याच फेरीत आमची गाठ पडली. दादाचे भारी पत्ते खेळण्याआधीच गेले. तो हरला.

“हा डेक माझ्यासाठीच बांधला का रे?”

“न्हाई दादा, कमजोर गटाला असंच खेळावं लागतं.”

“बराबर हाय,” म्हणत तो माझी पुढची फेरी बघायला मागं उभा राह्यला.

समोर एक कॉलेजची पोरगी होती. पत्ता आला की लगेच खेळायची, हातात काही ठेवायचीच न्हाई. माझे सहाही पत्ते बिनकामाचे ठरले. बचावाला काहीच नव्हतं. पाच मिनिटांत हरलो.

मागं वळलो तेव्हा माझ्या हातातले ते बिनकामाचे पत्ते बघून दादाला सगळं कळलं होतं.

“हरवलंस त्याचं काही न्हाई. खोटं कशाला बोललास?” एवढं बोलून तो एसटीनं एकटाच गेला. आता फोन उचलत न्हाई.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही त्याला तोंडावर “हो” म्हणाला असता का?