सुभेदारांचा उलटा चंद्र

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सुभेदार मल्हारी इंगवले संध्याकाळी चालताना कधी खाली बघत नसत. मूळचे खटावचे. तोफखान्यात असताना राजस्थानच्या वाळवंटात ताऱ्यांवरून दिशा धरायची सवय लागली, ती निवृत्त होऊन नोएडात राहायला आल्यावरही सुटली नाही. दूध आणायला निघालेल्या माणसालाही थांबवून ते सांगत, "ताई, तो लुकलुकत नाही बघा. म्हणजे तारा नव्हे, ग्रह. शनी आहे." इथल्या धुरातून मला बहुतेक वेळा काहीच दिसायचं नाही. मी आपली मान डोलवायची.

दिवाळीनंतर गुरू बघून गच्चीवरून उतरताना ते जिन्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, पण सुभेदार पलंग सोडेनात. पुन्हा पडण्याची धास्ती बसली होती, आणि ती कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "आता काय बघायचं राहिलंय?" एवढंच म्हणत. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, अलकनंदेला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आता चालले नाहीत, तर पुढे कधीच चालणार नाहीत. नवा कोरा वॉकर भिंतीशी उभा होता. त्यावर टॉवेल वाळत असे.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला अलकनंदेनं मलाही बोलावलं. "ताई, कुंकू लावून घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण तिळगुळाशिवाय जायचं नाही." मी लावून घेतलं. यंदा तिनं आरसा आणि फणी वाणात दिली होती. आम्ही सगळ्याजणी आपापला आरसा पिशवीत टाकत होतो, तेवढ्यात गॅलरीतून वरच्या मजल्यावरची कॉलेजातली प्रणिता ओरडली, "काकू, या ना लवकर! यार, काय दिसतंय!"

दुपारच्या वाऱ्यानं धूर पार धुऊन नेला होता. गॅलरीच्या टोकाशी वाकलं की पश्चिम दिसते. तिथे चंद्राची बारीक कोर होती, आणि तिच्या जरा वर शुक्र, इतका तेजस्वी की मला आधी विमानच वाटलं. मी, या वयाची बाई, लहान मुलीसारखी टाचा उंचावून बघत राहिले.

"अहो, उठा, शुक्र बघा चंद्राजवळ!" अलकनंदा आत धावली.

सुभेदारांच्या पलंगावरून मात्र समोरच्या टॉवरची भिंतच दिसायची. "तुम्ही बघा," ते म्हणाले आणि कूस बदलली.

अलकनंदेनं वाणातला एक आरसा उचलला, गॅलरीच्या टोकाशी गेली आणि हात बाहेर काढून आरसा तिरका धरला. "दिसतंय का?"

"पंखा दिसतोय."

"माझ्यात बघा, काका!" प्रणितानं दुसरा आरसा धरला. मीही पिशवीतून माझा काढला. जरीच्या साड्या नेसलेल्या आम्ही बायका कठड्याशी रेटारेटी करत आरसे हलवत होतो. "थोडा वर! अगं, माझ्या कोपराला लागतंय!" खालून वॉचमन बघत उभा राहिला.

"थांबा!" आतून एकदम आवाज आला. "प्रणिता, हलू नकोस." सुभेदार कोपर टेकून उठून बसले होते. "ही कोर चुकीची आहे."

"चुकीची कशी असेल? चंद्रच आहे, काका. बिल्कुल ओरिजिनल."

"उजेडाची बाजू डावीकडे आहे. ही वद्यातली कोर झाली."

"वद्य म्हणजे?"

"पौर्णिमेनंतरचा पंधरवडा, बाळ. ती कोर पहाटे दिसते. संध्याकाळी कुठून येणार?"

"अहो, आरशात उलटं दिसणारच," अलकनंदा म्हणाली.

"म्हणजे मी उलटा चंद्र बघू? सरळ बघणारा माणूस मी!" त्यांनी पाय खाली सोडले. "तो टॉवेल काढ."

अलकनंदेनं वॉकर पुढे केला. तिचा हात त्यांच्या पाठीमागे हवेत होता, टेकला मात्र नाही. सुभेदार उभे राहिले. एक पाऊल, मग थांबून दुसरं. उंबऱ्याशी त्यांचा पाय अडला. "मावळेल ना तो, चला," अलकनंदा हळूच म्हणाली. त्यांनी वॉकर उचलून पलीकडे टेकवला आणि ते गॅलरीत आले. आम्ही भिंतीला चिकटून वाट दिली.

टोकाशी पोचून त्यांनी पश्चिमेकडे मान वळवली.

"उजवीकडे," ते म्हणाले. "उजेड उजवीकडे. सांगत होतो ना?"

"हो हो, सांगत होतात!" अलकनंदा हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. प्रणितानं टाळ्या वाजवल्या.

सुभेदारांनी आणखी मान मागे टाकली, पण वर वरच्या मजल्याची गॅलरी होती. "आता गुरू डोक्यावर असणार," ते म्हणाले. "इथून नाही दिसायचा. अलकनंदा, लिफ्ट गच्चीपर्यंत जाते ना?"

"एक मजला अलीकडेच थांबते."

"मग त्या जिन्याला कठडा दोन्ही बाजूंना आहे का, ते उद्या सकाळी बघून ये."