चंदर कंपनी

टोकावड्यापासून वैशाखऱ्यापर्यंत कुणालाही विचारा, चंदरचं आडनाव त्याला चटकन सांगता यायचं नाही. 'चंदर कंपनी' म्हटलं की मात्र म्हातारीकोतारीसुद्धा जीपच्या थांब्याकडे बोट करते. कंपनीत तो होता अवघे दोन हंगाम. जीप हाकतोय त्याला दहा वर्षं होऊन गेली. तरी जीपवाला चंदर असं त्याला कुणी म्हणत नाही. गावाची रीतच अशी. माणूस जिथं आपटला, तिथलंच नाव त्याला चिकटायचं.

"ए कंपनी, दोघांना जागा हाय काय?"

"हाय की. एकमेकाच्या मांडीव बसा."

लोक हसतात आणि बसतात. चंदर क्लच दाबतो आणि डाव्या गुडघ्यातून एक कळ थेट कमरेला जाते. दर गिअरला एक कळ. घाटापर्यंतच्या चढावर गिअर किती बदलायचे हे रस्ता ठरवतो, चंदर नाही.

हाच गुडघा एके काळी तालुक्यात गाजला होता. चौऱ्याण्णव साली चंदर मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. भातं कापून झाली की शेतातली ढेकळं फोडायची, पाणी मारून चोपायची, शेणाने सारवायची, जसं खळं करतात तसं, आणि त्यावर कबड्डीच्या रेघा ओढायच्या. अशा मैदानावर चंदर चढाईला निघाला की समोरचे सात गडी आधीच एक पाऊल मागे सरायचे. त्याचा पाय कुठून येतो ते कळायचंच नाही. कळायचं तेव्हा गडी बाद झालेला असायचा.

तशाच एका सामन्याला ठाण्याकडच्या औषधांच्या कंपनीचा माणूस आला. कंपनीचा संघ होता, त्यांना चढाईवाला हवा होता. सामना संपल्यावर तो सरळ चंदरच्या घरी येऊन ओटीवर बसला. म्हणाला, "उद्यापासून आमचा. राहायला खोली, महिन्याला मानधन. खेळ दाखवला की कायम."

कॉलेजचे खेळाचे सर दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून आले. "चंदर, घाई करू नको. यंदा तू विद्यापीठाच्या संघात जातोस. पदवी घे. हेच लोक मग दारात येतील आणि सरळ कायम करतील. दाण्यात दूध भरलं नाही तोवर विळा लावू नये, हे मी तुमच्यासारख्यांना सांगायचं?"

चंदरचा बाप धर्मा तंबाखू मळत ऐकत होता. त्याने शांतपणे चिमूट दाढेला धरली.

"सर, तुमचं खरं. पण सगळ्या शिवाराचं कापून झालं नि एकट्याचंच उभं राह्यलं, तर डुकरं कोणाच्या शेतात शिरतील? आज पाय चालतोय तर विकावा. उद्या मोडला तर तुमचं विद्यापीठ काय लंगड्याला नाचवणार हाय?"

आई कमळाबाई आतून म्हणाली, "पोराला तरी इचारा."

पोराला विचारलं. पोर वीस वर्षांचं, आणि कंपनीच्या माणसाने सोबत एक निळा ट्रॅकसूट आणलेला. चंदरने सही केली.

दोन हंगाम त्याने मैदानं मारली. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, रायगडातल्या एका सामन्यात, डाव्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरला. चंदर ओढत राहिला, मध्यरेषा हातभर होती. तेवढ्यात तिघं वरून पडले. घोटा एकीकडे राहिला आणि गुडघा दुसरीकडे गेला.

त्याच वर्षी कबड्डीवेडा मॅनेजर निवृत्त झाला. नव्या मॅनेजरने संघच बंद केला. पदवीवाले आधीच कायम झाले होते, ते टेबलाला बसले. मानधनावरच्यांना कंपनीने हार घातला, चहा पाजला आणि गेटापर्यंत सोडलं. चंदर निळा ट्रॅकसूट घालून, लंगडत गावात उतरला.

धर्मा म्हणाला, "मी आपलं सांगितलं. पण सही तू केलीस."

कॉलेजात परत जायला दार उघडं होतं. सरांनी दोनदा निरोप धाडला. पण मागे टाकलेल्या पोरांच्या मागच्या बाकावर जाऊन बसायचं चंदरला जमलं नाही. एका व्यापाऱ्याची जीप होती, तिच्यावर बसला. पुढे बाप गेला, तेव्हा तिरडीला खांदा देतानाही त्याच्या मनात तेच होतं: ह्याने मला हिरवाच कापला.

चंदरची थोरली बहीण ठमी सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात दिलेली. तिची लेक रेश्मा. पोरगी अंगाने काटक, बोलायला कमी, आणि नजर अशी की समोरच्याच्या पायाखेरीज तिला जगात काही दिसत नसे. चंदर भाकरी खायला बहिणीकडे थांबायचा, तेव्हा खळ्यावर तिला शिकवायचा. काय शिकवायचा? घोटा धरायला. ज्याने त्याचा जन्म मोडला, तेच.

"वाकायची घाई नको गो. चढाईवाला पाय टाकेल तोवर जागची हलू नको. पाय उचलला की त्याचा एकच पाय जमिनीव ऱ्हातो. तेव्हा धर. नि धरलास का मंग जीव गेला तरी सोडू नको."

"त्याला लागलं तर, मामा?"

"लागू दे. मला लागलं तेव्हा कोण रडला?"

रेश्मा मुरबाडच्या त्याच कॉलेजात गेली आणि डाव्या कोपऱ्यात उभी राहिली. दोन हजार चार साली ती दुसऱ्या वर्षाला होती. कल्याणपासूनच्या पोरी तिच्या बाजूने चढाई करायच्या टाळायच्या. आणि एका रविवारी ठमीच्या ओटीवर मिताली मॅडम येऊन बसल्या. स्वतः खेळलेल्या, केस कापलेल्या, बोलायला रोखठोक. मुंबईत एक कंपनी बायकांचा संघ नव्याने उभा करत होती, त्याच्या त्या प्रशिक्षक.

"डावा कोपरा मला हवाय. आज जागा आहे. दीड वर्षाने संघ भरलेला असेल. सराव सकाळ-संध्याकाळ, म्हणजे कॉलेज सोडावं लागेल. हॉस्टेल आमचं."

भावजी, म्हणजे रेश्माचा बाप जना, गडबडून गेला. त्याने सरळ माणूस पाठवून चंदरला बोलावून घेतलं. चंदरने भरलेली जीप दुसऱ्याच्या हातात दिली आणि आला.

"तू सांग, चंदर," ठमी म्हणाली. "यातलं तुलाच कळतं. तूच होरपळलास."

ओटीवर सगळे त्याच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. लोक त्याच्याकडे बघायचे ते जागा आहे का म्हणून. चंदरने पाय सावकाश लांब केला, गुडघ्यावर हात ठेवला.

"मॅडम, कायम करणार का मानधनावर?"

"आधी मानधनावर. खेळ दाखवला की कायम."

चंदर हसला. "हेच शब्द. ह्याच शब्दांनी मला नेला. मंग गुडघा गेला, मॅनेजर गेला, कंपनी गेली. ऱ्हायलं काय? नुसतं नाव. कागुद हातात असता तर आज मी पण टेबलाला असतो. नाय, मॅडम. एक वर्ष ऱ्हायलंय, पोरगी पदवी घेईल. दाण्यात दूध भरू द्या. खेळाला भरवसा नाय, कायम पायजे."

सरांचं वाक्य आपल्या तोंडून इतकं ठसक्यात निघालेलं ऐकून त्याला बरं वाटलं. धर्मा आज असता तर, असंही वाटलं.

मिताली मॅडमांनी चहाची बशी खाली ठेवली. "भाऊ, तुमचं दुःख मला कळतं. पण तुम्ही मुलगा होतात. मोडून परत आलात तरी घर तुमचं होतं, जीप मिळाली. मुलीचं वर्ष मुलीच्या हातात नसतं. ती थांबत नाही, तिला थांबवतात."

"आमच्या घरात पोरींना शिकवतात, मॅडम," चंदर ताठ होऊन म्हणाला. "काय भावजी?"

"तर! शिकवणार ना," जना म्हणाला आणि मान डोलावली.

त्या डोलावलेल्या मानेवर चंदरने अख्खा भरवसा टाकला. रेश्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कुणीतरी तिला विचारायला हवं हे त्याच्या ध्यानात आलं, कारण त्यालाही विचारलं होतं.

"बोल गो. तुला काय वाटतं?"

रेश्मा मामाच्या गुडघ्याकडे बघत होती. "तुमी सांगाल तसं, मामा."

निघताना मॅडमांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि रस्त्याला लागल्या. चंदर त्या दिवशी घाटापर्यंत गुणगुणत गेला. गुडघा दुखला नाही असं नव्हे, पण दुखण्याचा काही उपयोग झाला असं त्याला वाटलं.

पुढच्या माघात शहापूरकडून स्थळ आलं. मुलगा विपुल, भातसानगरच्या वसाहतीत राहणारा, धरणावर कामाला. हुंडा नको, पोरगी तेवढी लवकर हवी, कारण त्यांच्या घरात आजी अंथरुणाला खिळलेली. साखरपुडा ठरला तेव्हा चंदरला कळलं. तो तसाच जीप घेऊन ठमीकडे गेला.

"भावजी, दोन महिन्याव परीक्षा हाय तिची! विद्यापीठाच्या संघात पण नाव लागतंय. एवढं वर्ष जाऊ दे."

जना बैलाला पेंढा घालत होता. मागे न वळता म्हणाला, "पोरगा कायम हाय, चंदर."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? धरणाव कायम. तूच बोललास ना ओटीव बसून? भरवसा नाय, कायम पायजे. मी तर तुजंच ऐकलं." मग तो वळला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "परीक्षा काय, सासरहून पण देता येते. नि आसपासच्या सगळ्या पोरी उजवल्या. आमचंच एक शेत उभं ठेवून काय डुकरांना घालू?"

धर्माच्या तोंडचं वाक्य होतं ते. धर्माने जावयाला कधी सांगितलं होतं, की सगळ्या बापांना ते आपसूकच येतं, कोण जाणे.

रेश्मा खळ्यावर एकटीच होती. पायात चपला, हाताला साखरपुड्याच्या आधीची मेंदी. सराव बंद झाला होता. हळद लागायच्या पोरीचा गुडघा फुटला तर, म्हणून ठमीनेच बंद केला होता.

"रेश्मा, मी बोलू का त्या मॅडमांशी? अजून—"

"संघ भरला, मामा. मी फोन केलता बूथवरून." ती खाली बघत म्हणाली, "डाव्या कोपऱ्याला नाशकाकडची कोण पोर घेतली त्यांनी."

लग्नात चंदर मामा म्हणून पाटाशी उभा राहिला. अंतरपाटामागे भाचीला घेऊन येण्याचा मान मामाचा. तिचं कोपर त्याने धरलं होतं. ती थांबली नाही, ओढली नाही, मंडपात त्याच्या चालीने चालत आली. त्याच्या लंगडण्याने तिलाही एक झोल बसत होता, तेवढाच.

परीक्षा सासरहून देता आली नाही. आजीला कोण बघणार?

दोन हजार आठच्या थंडीत शहापूरजवळ मोठे सामने भरले. बायकांचेही होते, आणि माती नव्हती, रबरी मॅट होती. टोकावड्याची पोरं चंदरच्या जीपमधून आली. मितालीबाईंचा संघ आला होता. आता त्याचं नाव झालं होतं, पोरींच्या पाठीवर कंपनीचा शिक्का, पायात बूट. चंदर गर्दीतून पुढे सरकला आणि दोरीपाशी त्याला रेश्मा दिसली. बोटाला धरलेली अडीच-तीन वर्षांची लेक, मनस्वी. विपुल मागे मित्रांत उभा होता.

"कधी आलीस गो?"

"आताच. वसाहतीतल्या सगळ्याजणी आल्यात."

दोघं बघत राहिली. समोरच्या संघाची चढाई आली. डाव्या कोपऱ्यातली पोर वाकली, हात टाकला, आणि चढाईवाली तिला शिवून सुटली.

"घाई करते," रेश्मा पुटपुटली. "पाय टाकायच्या आधीच वाकते."

तिचे गुडघे साडीच्या आत किंचित वाकलेले होते. चंदरने ते बघितलं आणि नजर काढून घेतली. तीन वर्षं तो हे वाक्य जीपमधून वागवत होता. आता ते बाहेर पडलं.

"तुला नको बोललो ते… माज्यासारखं तुजं होऊ नये म्हणून गो. दुसरं काय नाय."

"ठाव हाय."

"मंग माजं चुकलं काय?"

रेश्माने मैदानावरची नजर काढली नाही. "तुमी बरोबरच बोललात, मामा. तुमच्यापुरतं. त्या दिवशी ओटीव तुमाला कंपनीला 'नाय' बोलायचं होतं, ते बोलून घेतलंत. मी आपली मधी उभी होती."

शिट्टी वाजली. लोक ओरडले. चंदरला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं, चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तिचा आवाज मात्र भाजीचा भाव सांगावा तसा होता.

मागून विपुल ओरडला, "चल गं, आजीला गोळी द्यायचीय!"

"आली."

इतक्यात चंदरच्या डाव्या पायाला काहीतरी बिलगलं. मनस्वी. मॅटवरच्या बायकांकडे बघत बघत ती खाली बसली होती आणि दोन्ही हातांनी तिने त्याचा घोटा धरला होता. एका हातावर दुसरा हात, बोटं आतून अडकवलेली. अगदी बरोबर.

"आयला! कोणी शिकवलं हिला?"

"कोणी नाय. बघून करते."

"शिकव की हिला. हात बघ तिचा कसा पडलाय. आतापासून शिकवलीस तर—"

रेश्मा पहिल्यांदा त्याच्याकडे वळली.

"तुमी सांगता म्हणून?"

मनस्वी घोटा सोडीना. एक झटका दिला असता तर पाय सुटला असता, पण पोर मागे आपटली असती. रेश्मा वाकली नाही, लेकीला हाकही मारली नाही. उभी राहून बघत होती. चंदर एका पायावर भार टाकून तसाच उभा राहिला, दुखरा गुडघा पोरीच्या हवाली करून, ती आपण होऊन सोडेल तोवर.