बिघडलेला पीस कुठे लपवायचा

लेथवर पीस बिघडला की तो लपवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे मशीनखालचा कीस. लोखंड कातताना त्याचे कुरळे धारदार तुकडे खाली पडत राहतात. संध्याकाळपर्यंत त्यांचा चांगला ढीग होतो आणि त्यात हात घातला तर कापतो, म्हणून कोणी घालत नाही. शनिवारी भंगारवाला यायचा, सगळा कीस टोपल्यांनी टेम्पोत भरायचा आणि आमच्या आठवड्याभराच्या चुका घेऊन कुर्ल्याला जायचा. कांजूरमार्गच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं हेच केलं. माझ्या शेजारच्या मशीनवरचा माझा जोडीदारही हेच करायचा, आणि आम्ही त्याबद्दल एकमेकांशी कधी एक अक्षर बोललो नाही.

त्याला कारण आमचे शेठ. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला स्वतः दारोदार मिठाई घेऊन यायचा. पण बिघडलेला पीस हाती लागला की जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर तो उंच धरायचा आणि विचारायचा, "हे कोणाचं बाळ?" मग त्या बाळाच्या बापाचं शिक्षण, गाव, डोळे, अक्कल, सगळं निघायचं. त्या दिवशी त्याचा डबा तसाच घरी परत जायचा. मला तो प्रसंग एकदाच आला, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. त्यानंतर माझा एकही पीस शेठच्या हाती लागला नाही. याचा अर्थ माझे पीस बिघडले नाहीत असा नव्हे.

मग कारखानाच गेला. आमच्या बाजूचे सगळेच एकेक करून गेले. तिथे पत्रे लागले, क्रेन आली, आणि बघता बघता काचेचा टॉवर उभा राहिला. पेपरात रोज यायचं की देश पुढे चाललाय. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, माझ्या खिडकीतूनच दिसत होतं. मेट्रोचे खांब वर चढत होते, इमारती वर चढत होत्या, खाली नवनवी दुकानं उघडत होती. एवढ्या सगळ्या वाढीत पन्नाशी ओलांडलेला टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा माणूस, कुठे उभा करायचा, हे मात्र कोणाला सुचत नव्हतं. ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच. गेटवर.

वॉचमनच्या कामाला मी कमी लेखत नाही. आमच्या चाळीतले चारजण तेच करतात आणि इमानाने करतात. पण शेजारणीच्या ओळखीने मला जे गेट मिळत होतं, ते नेमकं त्या टॉवरचं. जिथे माझा लेथ होता तिथे आता संगमरवरी लॉबी होती आणि सोफे होते. तिथे निळा ड्रेस घालून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकायचा, या कल्पनेनेच माझं डोकं सणकायचं. तशीही माझ्या डोक्याला सणकायला फारसं निमित्त लागत नाही.

कारखान्यानंतर तीन-चार वर्षं छोट्या वर्कशॉपांत काढली, शेवटचं बंद पडल्यावर सात महिने घरी काढले. बायको एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायची आणि घर तिच्यावर चाललं होतं. मी मधल्या काळात मुलुंडला एका क्लासमध्ये जाऊन सीएनसी शिकलो. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ. हँडल फिरवायचं नाही, आकडे टाकायचे. वर्गात सगळी एकोणीस-वीसची पोरं, मला काका म्हणायची आणि माझ्या वहीतून उतरवून घ्यायची. सर्टिफिकेट मिळालं, पण नोकरी देणाऱ्यांना सर्टिफिकेटवरची जन्मतारीखच आधी दिसायची. शेवटी बायको एके दिवशी म्हणाली, "अहो, महिनाअखेरपर्यंत बघा. नाहीतर गेटचं हो म्हणून टाका. पोरगी बारावीला आहे." ती ओरडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती हळू म्हणाली, म्हणून मी नुसती मान हलवली.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा माझ्या त्याच जुन्या जोडीदाराचा फोन आला. तो वर्षभरापूर्वी अंधेरीला, मरोळच्या बाजूच्या एका गाळ्यात लागला होता.

"अरे, इथे एक जागा आहे. ट्रायलला ये उद्या. मॅडम वय बिय बघत नाही, काम बघते."

"मॅडम?"

"सुपरवायझर. आपल्या पोरींच्या वयाची आहे. जास्त शहाणपणा करू नको फक्त."

दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून मेट्रो पकडून मी वेळेआधी अर्धा तास पोचलो. गाळा बघून आधी बूट काढावेसे वाटले, एवढी फरशी स्वच्छ. इथे ऑपरेशनच्या हत्यारांचे पार्ट बनायचे, बोटाएवढे, आरशासारखे. मॅडम आली. तिशीच्या आतली, कानावर पेन, बोलणं भराभर. मला मशीन दाखवलं, ड्रॉइंग दिलं आणि म्हणाली, "काका, दुपारपर्यंत वीस पीस काढा. काही अडलं तर हाक मारा." एवढं सांगून ती चार मशीन पलीकडे निघून गेली.

पहिले सहा पीस झकास निघाले. सातवा मोजला तर केसभर जाड. टूल झिजलं की असं होतं. आकडा थोडा कमी करायचा, बस. करायचं होतं पॉइंट शून्य तीन. मी चष्मा कपाळावर ठेवून मारलं पॉइंट तीन. मधलं शून्य राहिलं. मशीनला काय, सांगितलं तेवढं कापलं. आठवा पीस बाहेर आला तो हाताला लागताच मला कळलं की वाट लागली.

त्यापुढे जे झालं ते मी केलं असं म्हणणं बरोबर नाही. माझ्या हाताने केलं. मॅडम फोनवर होती, माझी मान उजवीकडे वळली, डावीकडे वळली, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने हात खाली जाऊन तो पीस किसात सरकवून आला. मग मी चष्मा डोळ्यांवर घेतला, आकडा दुरुस्त केला आणि पुढचा पीस लावला. तोंडावर काही नाही. एकदम तयार कलाकार.

फक्त एक गोष्ट मी विसरलो. आमच्या जुन्या लेथखाली पत्र्याचा ट्रे असायचा. या मशीनखाली पट्टा होता. क्लासमध्ये शिकवलंही होतं. कीस साचला की बटण दाबायचं, पट्टा चालू होतो आणि सगळा कीस वर उचलून बाहेरच्या ट्रॉलीत टाकतो.

मॅडम फिरत फिरत आली, माझे पीस बघितले, मान डोलावली आणि जाता जाता ते बटण दाबलं. पट्टा कुरकुरत वर चढायला लागला. आधी कीस आला. मग आणखी कीस आला. आणि मग त्या किसाच्या वर, नवरदेवासारखा बसून, माझा आठवा पीस आला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो पट्ट्याच्या टोकाला पोचला आणि ट्रॉलीत पडला. ठण्ण.

कोणीतरी हसलं. माझा जोडीदार हसला नाही. तो एकदम आपल्या मशीनमध्ये डोकं घालून उभा राहिला. मॅडमने पीस उचलला, फडक्याने पुसला, मोजला.

"हा कोणाचा?"

माझ्या कानात शेठचा आवाज घुमला. वाटलं, पिशवी उचलावी आणि सरळ निघावं, टॉवरच्या गेटवर जाऊन ड्रेस घालावा. पण खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"माझा. शून्य राहिलं. मग लपवला."

"का लपवला?"

आता मात्र मला राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. "का म्हणजे? तुम्ही ओरडणार म्हणून! सव्वीस वर्षं ओरड्याच्या भीतीत काढलेला माणूस दुसरं काय करणार?"

मला वाटलं, झालं. जास्त शहाणपणा करू नको म्हणून सांगितलं होतं, तोच केला.

ती ओरडली नाही. म्हणाली, "काका, हे पार्ट ऑपरेशन थिएटरमध्ये जातात. बिघडलेला एक पीस चुकून चांगल्यांत मिसळला तर कोणाच्या तरी पोटात तुटेल. म्हणून बिघडलेले पीस टाकायला ती लाल पेटी ठेवली आहे. पण तिच्यात महिन्याला दोन-तीनच पीस येतात, आणि मला माहीत आहे की इतके कमी बिघडत नाहीत." मग तिने विचारलं, "तुम्हाला हा पट्टा आठवला असता, तर कुठे लपवला असता?"

मी जोडीदाराच्या मशीनकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

"जागा सांगतो," मी म्हणालो. "माणसं सांगणार नाही. आणि कोणाला एक शब्द बोलणार असाल तर जागाही सांगणार नाही."

"नाही बोलणार. सगळ्यांसमोर सांगते."

मग मी तिला फिरवलं. मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटच्या टाकीमागची फट. हात पुसायच्या चिंध्यांचं खोकं, अगदी तळ. भिंतीवरच्या आग विझवायच्या बादलीतली वाळू. मी त्या गाळ्यात सकाळपासून चार तास होतो, पण नवीन जागी शिरलं की टर्नरच्या डोळ्यांना या जागा आपोआप दिसतात. वाळूत चार सापडले, चिंध्यांत तीन. टाकीमागे तर तिला टॉर्च लावावा लागला. ती एकेक पीस लाल पेटीत टाकत गेली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पेटी अर्धी भरल्यावर तिनेच आधी खुदकन हसून दिलं. मग दुसरा हसला, तिसरा हसला, आणि माझ्या जोडीदाराने खिशातून एक पीस काढून गुपचूप तिच्यापुढे धरला.

"हा राहिला होता, मॅडम."

असं हसणं मी कारखान्यात कधी ऐकलं नव्हतं. मीही हसलो.

उरलेले पीस मी पूर्ण केले. त्यातला आणखी एक बिघडला, तो मी सगळ्यांदेखत लाल पेटीत नेऊन टाकला, आणि तेवढी दहा पावलं चालताना मला इतकं विचित्र वाटलं की काय सांगू. चार वाजता मॅडमने कागद पुढे केला. "सोमवारपासून या. आठवड्यातून एकदा मला गाळ्यात फिरवून आणायचं, हेही कामात धरा."

खाली रस्त्यावर येऊन मी बायकोला फोन लावला. मागून लाटण्यांचे आवाज येत होते.

"लागलो," मी म्हणालो.

"कुठे? गेटवर?"

"मशीनवर."

ती घाईघाईने म्हणाली, "बरं बरं, हात भरलेत माझे, घरी या, बोलू." पण पिठाच्या हाताने तिला फोन नीट बंद करता आला नसावा. मला सगळं ऐकू येत होतं. सात महिने तिथे कोणी माझ्याबद्दल विचारलं की ती विषय बदलायची, हे मला माहीत होतं. आता शेजारच्या कोणीतरी विचारलं, "काय गं, काय झालं? रडतेस का?"

"रडते कशाला," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा मोठा झाला की पलीकडची लाटणी थांबली. "आमचे टर्नर आहेत. टर्नर! तुला बोलले नव्हते का कधी?"

मी फोन कानाला लावून तिथेच उभा राहिलो. ती त्यांना माझं सगळं काम समजावून सांगत होती, निम्मं चुकीचं.