कोरी चादर किती ग्रॅम

आमच्या सूनबाईने सहाव्या महिन्यातच सांगून टाकलं होतं, "आई, बाळंतपणाच्या खोलीत माझ्याजवळ चादरताई हव्यात. तुम्हीही या, पण कोपऱ्यात बसा. तुमचा चेहरा बघितला की मलाच तुम्हाला धीर द्यावा लागतो."

खोटं नव्हतं. मी निमूट कोपऱ्यातलं स्टूल धरलं.

चादरताई म्हणजे डूला. पहिल्या कळेपासून शेवटपर्यंत बाळंतिणीच्या सोबतीला राहणारी बाई. ही विद्या त्या शिकल्या पन्नाशीला टेकल्यावर. त्याआधी एकवीस वर्षं, सूनबाईचं नाव घातलं होतं त्याच दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घालून मजल्यामजल्यावर पोचवल्या. एकदा अशाच चादरी द्यायला वर आल्या असताना एका एकट्या पोरीने कळेच्या भरात त्यांचं मनगट धरलं, ते तीन तास सोडलं नाही. "चादरी ठेवायला गेले आणि मीच तिथे राहिले," असं त्या हसत सांगतात. पुढे लाँड्रीचं काम बाहेर दिलं गेलं, आणि ताईंनी डूलाचा वर्ग लावला.

मेट्रनबाईंना हे खूळ पसंत नव्हतं. सहा महिन्यांच्या बोलीवर घेताना त्यांनी बजावलं होतं, "हात धर, पाठ चोळ, पाणी पाज. तपासणी, औषध, रक्त हे आमचं. त्यात नाक खुपसलंस की त्याच दिवशी घरी."

सूनबाई दाखल झाली तेव्हा त्यातले पाच महिने सरले होते.

सकाळभर ताईंनी तिची कंबर दाबली, तिच्याबरोबर श्वास घेतले, तिच्या शिव्या खाल्ल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या मुलासाठी होत्या. तो कामाच्या गावाहून निघून अजून वाटेतच होता. दुपारी दोनला नात झाली. वारही पडली. शेजारच्या खोलीत एक जण अडली होती, डॉक्टरीणबाई तिकडे धावल्या. सिस्टरने सगळं पुसून सुनेखाली कोरी चादर घातली, नातीला काट्यावर ठेवून वजन घेतलं आणि आईच्या कुशीत दिलं.

अर्धा तास गेला असेल. सूनबाईने जांभई दिली. मग आणखी एक.

"थंडी वाजतेय," ती पुटपुटली.

"दमलीय बिचारी. झोपू दे," मी म्हटलं.

ताईंनी बाळ माझ्याकडे दिलं, सुनेला जरा कुशीवर वळवून खालची चादर ओढून काढली आणि दोन्ही हातांवर घेऊन उभ्या राहिल्या. बाजारात भोपळा उचलून अंदाज घ्यावा, तशा.

"सिस्टर, हे बघा जरा."

"एवढं जातंच हो, ताई," सिस्टर म्हणाली, आणि नेमक्या त्याच वेळी मेट्रनबाई दारात आल्या.

"काय चाललंय?"

"बाई, चादर जड आहे."

"ओली चादर जडच असते. तुझं काम काय ठरलंय?"

"हात धरायचा."

"मग धर."

ताईंनी सुनेचा हात धरला. क्षणभरच. मग तो माझ्या हातात दिला. बर्फासारखा होता.

"वहिनी, हा आता तुम्ही धरा. बोलत राहा. झोपू देऊ नका."

आणि त्या चादर घेऊन थेट बाळाच्या काट्याकडे गेल्या. माझी नात जिथे निजली होती तिथे ती चादर ठेवली. आकडा आला, एक किलो शंभर.

"कोरी चादर साडेतीनशे भरते, बाई. एकवीस वर्षं उचलल्यात. वरचं सगळं या पोरीचं रक्त आहे. मला घरी पाठवायचं तर पाठवा, पण आधी डॉक्टरांना बोलवा."

मेट्रनबाईंनी आकडा बघितला. पुढच्या क्षणी त्या पलंगाशी होत्या, मूठ सुनेच्या ओटीपोटावर दाबून, आणि आवाज पार जिन्यापर्यंत. डॉक्टरीणबाई आल्या. सुया, सलाइन, पळापळ.

मी एका हाताने नातीला छातीशी धरून बोलत होते. काय बोलत होते देव जाणे. दूधवाल्याचे खाडे, गळका नळ, पलीकडच्यांचा कुत्रा. सुनेचे डोळे मिटत होते, मी आणखी जोरात बोलत होते.

"आई," ती क्षीण आवाजात म्हणाली, "जरा गप्प बसा ना."

"वा!" ताई तिच्या डोक्याशी उभ्या होत्या. "सासूला गप्प करतेय. शुद्धीवर आहे हो, डॉक्टर."

हसू कुणालाच आलं नाही. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, आणि रक्त थांबलं तेव्हा साडेचार वाजले होते. तोवर ताईंनी उशाशी बसून तिच्या कपाळावरचा हात काढला नव्हता.

संध्याकाळी मेट्रनबाई पुन्हा आल्या. हातात पेन आणि चिकटपट्टी. ताई उठून उभ्या राहिल्या, पिशवी खांद्याला लावूनच. निरोप ऐकायची तयारी त्यांनी करून ठेवली होती.

"कोरी चादर किती म्हणालीस?"

"साडेतीनशे."

मेट्रनबाईंनी आकडा लिहिला आणि पट्टी काट्यावर चिकटवली. वर न बघता म्हणाल्या, "उद्या आठला ये. उशीर चालणार नाही."

ताईंनी पिशवी खाली ठेवली.

"उशीचा अभ्राही लिहून घ्या, बाई. नव्वद."